फ्रेंचमधील इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्ह : ओळख, रूपे आणि उपयोग

नाशिककरांना फ्रेंच शब्द आता परके राहिलेले नाहीत. २००० साली ‘सुला’च्या पहिल्या वाइन बाजारात आल्या, तेव्हापासून ‘सोव्हिन्यों ब्लां’ आणि ‘शनां ब्लां’ ही द्राक्षांची नावे दिंडोरी-गंगापूर परिसरातील बागाईतदारांच्या तोंडी रुळली. अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारे विद्यार्थीही शहरात दिसतात. परंतु पाठ्यपुस्तकातील फ्रेंच संपवून एखादी अभिजात कादंबरी उघडली, की एका अनोळखी क्रियारूपाशी गाठ पडते. वर्गात त्याचा उल्लेख ओझरता होतो, बोलण्यात ते ऐकू येत नाही. छापील पानावर मात्र ते वारंवार भेटते. हे रूप म्हणजे इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्ह.

सब्जंक्टिव्ह म्हणजे काय?

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात त्यांचे सविस्तर विवेचन आहे. ‘तो येतो’ हे घडणाऱ्या गोष्टीचे विधान झाले. ‘त्याने यावे’ ही इच्छा, अपेक्षा किंवा कर्तव्य झाले. फ्रेंचमधील सब्जंक्टिव्ह हा आपल्या विध्यर्थाचा जवळचा नातलग होय. इच्छा, भीती, शंका, आवश्यकता यांच्या पोटी येणारे गौण वाक्य त्यात असते. ‘तो यायला हवा’ यासाठी फ्रेंच माणूस ‘इल फो किल व्हिएन’ म्हणतो. त्यातील ‘व्हिएन’ हे वर्तमान सब्जंक्टिव्ह.

फरक पडतो तो मुख्य वाक्य भूतकाळात गेल्यावर. मराठीत ‘त्याने यावे अशी आजीची इच्छा आहे’ आणि ‘त्याने यावे अशी आजीची इच्छा होती’ या दोन्ही वाक्यांत ‘यावे’ बदलत नाही. जुन्या काटेकोर फ्रेंचमध्ये मात्र ते बदलावे लागते : ‘इल फाले किल व्हॅं’. मुख्य क्रियापद भूतकाळात किंवा कंडिशनलमध्ये असेल, तर गौण वाक्यातील सब्जंक्टिव्हही मागे सरकतो. या नियमाला काळांची संगती म्हणतात.

रूपे कशी बनतात?

रूपे दिसायला बिकट, पण बनवायला अत्यंत सोपी आहेत. ‘पासे सँप्ल’ या लेखनातील साध्या भूतकाळाचे रूप ठाऊक असले, की झाले. या नियमाला अपवाद नाही. साध्या भूतकाळाच्या शेवटी येणाऱ्या स्वरानुसार चार गट पडतात :

१. ‘आ’ गट : ‘एर’ने संपणारी सर्व क्रियापदे. बोलणे – पार्ला.
२. ‘ई’ गट : संपवणे – फिनी, करणे – फी, घेणे – प्री.
३. ‘यू’ गट : असणे – फ्यू, जवळ असणे – यू, शकणे – प्यू, मरणे – मुऱ्यू.
४. ‘अॅं’ गट : येणे – व्हॅं, धरणे – तॅं.

या रूपाला ‘स’चे प्रत्यय लागतात. ‘बोलणे’ या क्रियापदाची सहा रूपे उच्चारानुसार अशी :

मी – पार्लास
तू – पार्लास
तो, ती – पार्ला
आम्ही – पार्लास्यों
तुम्ही – पार्लास्ये
ते, त्या – पार्लास

‘असणे’ची रूपे याच साच्यात फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूस्यों, फ्यूस्ये, फ्यूस अशी होतात. तृतीयपुरुषी एकवचनात ‘स’ नाही. त्याऐवजी स्वरावर टोपीसारखे चिन्ह येते आणि शेवटी अनुच्चारित ‘टी’ लिहिला जातो. ही टोपी शोभेची नाही. तेथे पूर्वी ‘एस’ हे अक्षर होते. ते उच्चारातून गेले आणि खूण म्हणून टोपी उरली.

‘ई’ गटातील ‘संपवणे’सारख्या क्रियापदांबाबत एक सावधगिरी हवी. त्यांची वर्तमान आणि इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्हची रूपे सारखीच दिसतात. अपवाद फक्त तृतीयपुरुषी एकवचनाचा : वर्तमानात ‘फिनिस’, इम्पर्फेक्टमध्ये ‘फिनी’.

एका टोपीचे मोल

वाचकाच्या दृष्टीने खरा धोका याच तृतीयपुरुषी रूपात आहे, आणि कादंबरीत सर्वाधिक भेटणारे रूपही तेच. ‘इल मुऱ्यू’ म्हणजे ‘तो मेला’. ‘ऑं क्रेन्ये किल न मुऱ्यू’ म्हणजे ‘तो मरेल अशी लोकांना भीती वाटत होती’. दोन्हीकडे ‘मुऱ्यू’चा उच्चार एकच, लेखनात भेद फक्त टोपीचा. पहिल्या वाक्यात माणूस गेला आहे, दुसऱ्यात तो अद्याप जिवंत आहे. शिवाय दुसऱ्या वाक्यातील ‘न’ नकाराचा नाही. भीतीच्या क्रियापदांमागे तो केवळ शैली म्हणून येतो. त्याला नकार समजून ‘तो मरणार नाही अशी भीती’ असा अनुवाद करणे म्हणजे अर्थाचा अनर्थ होय. ‘फ्यू’ (तो होता) आणि टोपीधारी ‘फ्यू’ (तो असावा) यांचेही तसेच. फ्रेंचमधून थेट मराठीत अनुवाद करू पाहणाऱ्याने घडलेली गोष्ट आणि मनातली गोष्ट यांतील ही सीमारेषा डोळ्यांत तेल घालून पाहावी.

हे रूप मागे का पडले?

याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. लॅटिनच्या पूर्णभूतकालीन सब्जंक्टिव्हपासून ते आले. पोर्तुगीज भाषेतील ‘फालास’ हे त्याचेच भावंड. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. त्या काळात पोर्तुगीज शिकलेल्यांना ‘मी बोललो असतो तर’ या अर्थाचे ‘सी एव फालास’ हे रोजच्या वापरातले रूप ठाऊक असे. पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये हे रूप आजही जिवंत आहे. फ्रेंचमध्ये मात्र ते बोलण्यातून गेले.

कारणे अनेक आहेत. ज्यावर ते उभे, तो ‘पासे सँप्ल’च बोलीतून नाहीसा झाला. ‘आस’ हा प्रत्यय फ्रेंचमध्ये तुच्छतादर्शकही आहे, त्यामुळे काही रूपे हास्यास्पद वाटू लागली. ‘मी जाणावे’ या अर्थाचे ‘स्यूस’ हे रूप कानाला ‘चोखणे’ या क्रियापदासारखे लागते. विनोदकारांनी या लांबलचक रूपांची मनसोक्त थट्टा केली.

पुढे शासनानेही सूट दिली. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री ज्योर्ज लेग यांच्या आदेशाने, मुख्य क्रियापद कंडिशनलमध्ये असताना गौण वाक्यात वर्तमान सब्जंक्टिव्ह वापरल्यास परीक्षेत तो खपवून घ्यावा, असे ठरले. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने भूतकाळी मुख्य क्रियापदालाही ही मुभा मिळाली. आज सुशिक्षित फ्रेंच माणूसही ‘इल फाले किल व्हिएन’ असेच म्हणतो. म्हणजेच आधुनिक फ्रेंच या बाबतीत मराठीच्या जवळ आले आहे : मुख्य वाक्याचा काळ कोणताही असो, ‘यावे’ ते ‘यावे’च.

तरीही हे रूप प्रतिष्ठा टिकवून आहे. आल्बेर काम्यू यांच्या १९५६ च्या ‘ला श्यूत’ या कादंबरीत निवेदक ॲमस्टरडॅममधील एका मद्यालयात बोलता बोलता हे रूप वापरतो, समोरच्याचे दचकणे टिपतो आणि या रूपाविषयी आपल्याला मोह असल्याची कबुली देतो. एका क्रियारूपावरून माणसाचे शिक्षण आणि त्याचा डौल कळावा, हे फ्रेंच समाजाचे वैशिष्ट्य.

आजही भेटणारे प्रयोग

काही ठरीव प्रयोगांत हे रूप अजून टिकून आहे :

‘न फ्यूस क’ – निदान एवढ्यासाठी तरी.
‘फ्यूतिल’ – तो असला तरीही.
‘द्यूतिल’ – त्याला करावे लागले तरीही.
‘प्ल्यूत आ दिय’ – देव करो नि तसे होवो.

याखेरीज ‘यू’ या टोपीधारी रूपापुढे भूतकालवाचक धातुसाधित आल्यास त्याचा अर्थ ‘झाले असते’ असा संकेतार्थी होऊ शकतो. ‘इल यू फाल्यू’ म्हणजे ‘आवश्यक ठरले असते’.

मराठी भाषकाची नेहमीची चूक

‘जर-तर’च्या वाक्यात आपण ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ असे म्हणतो. घडले नाही ते सांगायचे, म्हणून विद्यार्थी फ्रेंच ‘सी’नंतर सब्जंक्टिव्ह लिहून मोकळे होतात. पोर्तुगीजमध्ये ते चालते. फ्रेंचमध्ये ‘सी’नंतर साधा ‘एँपार्फे’ किंवा पूर्णभूतकाळ येतो. ‘सी’मागे सब्जंक्टिव्ह दिसलाच, तर तो जुन्या साहित्यिक शैलीतील ‘यू’चा प्रयोग समजावा. तसेच ‘आशा करणे’ या क्रियापदामागे होकारार्थी वाक्यात सब्जंक्टिव्ह येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मराठीतील समांतर उदाहरण

आपल्याकडे रीतिभूतकाळाची गत अशीच झाली आहे. ‘गोदावरीला पूर येई’, ‘आजोबा पहाटे रामकुंडावर जात’ ही वाक्ये लेखनात शोभतात. बोलताना आपण ‘यायचा’, ‘जायचे’ असेच म्हणतो. ‘करी’ हे रूप तर मुळात वर्तमानकाळाचे. ‘दाम करी काम’ या म्हणीत तो अर्थ अजून शिल्लक आहे. मराठीच्या अशा घडणीचा शास्त्रशुद्ध इतिहास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने लिहिला. त्याचा हा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला.

अभ्यास कसा करावा?

डेल्फच्या बी-टू पातळीपर्यंत वर्तमान सब्जंक्टिव्ह पक्का असणे पुरेसे आहे; इम्पर्फेक्ट लिहिण्याची अपेक्षा सहसा नसते. साहित्य वाचू इच्छिणाऱ्याने मात्र तो ओळखायला शिकावे. प्रथम वीस-पंचवीस नेहमीच्या क्रियापदांचा साधा भूतकाळ पाठ करावा. मग तृतीयपुरुषी एकवचन व अनेकवचन तेवढे घोकावे. वाचताना टोपी दिसली की तिच्या मागचे मुख्य क्रियापद शोधावे आणि ते इच्छेचे, भीतीचे की आवश्यकतेचे, हे ठरवावे. बोलताना हे रूप वापरण्याचा अट्टहास करू नये. ऐकणाऱ्याला ते पुस्तकी वाटेल. वाचताना मात्र त्याला वगळून चालणार नाही. वाक्यातली गोष्ट घडली की नुसती मनात होती, याचा निवाडा कित्येकदा त्या एका टोपीवरच होतो.