नोत्र दाममधील वसंतव्याख्याने

वसंत ऋतू आणि व्याख्याने यांचे नाते केवळ आपल्याच देशात जुळले आहे असे नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच्या चाळीस वर्षे आधी, ८ मार्च १८३५ रोजी, पॅरिसच्या नोत्र दाम या प्राचीन महामंदिरात बत्तीस वर्षांच्या एका धर्मगुरूने ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात द्यावयाच्या व्याख्यानांस आरंभ केला. त्याचे नाव आंरी लाकोर्देर. व्याख्यानांचा विषय ख्रिस्ती धर्म हा होता; परंतु ती व्हावीत असा आग्रह धरणारे लोक बिशप नव्हते की मठवासी नव्हते. ते होते पॅरिसचे विद्यार्थी, आणि त्यांचा म्होरक्या पहिला अर्ज घेऊन गेला तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता.

या जुन्या गोष्टीकडे आज वळावयाचे कारण असे. २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समधील कॅथलिक चर्चमध्ये १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी हा आकडा ७,१३५ होता, आणि २०२३ साली ५,४६३. प्रौढ म्हटले तरी त्यांत सर्वांत मोठा गट, शेकडा ४२, हा अठरा ते पंचवीस वर्षे वयाचा होता. याखेरीज ७,४०० हून अधिक किशोरवयीन मुलेमुली त्याच वर्षी बाप्तिस्म्यास उभी राहिली. आईबापांनी कडेवर घेऊन नेलेली ही तान्ही मुले नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. बहुधा वर्ष-दोन वर्षे शिकवणी घेऊन, मित्रांची थट्टा सोसून, कधी घरच्यांची नाराजी पत्करून हे तरुण तेथवर आलेले असतात. आणि हे घडले ते अशा देशात, की जेथे २०१९-२० च्या सरकारी पाहणीत अठरा ते एकोणसाठ वयाच्या लोकांपैकी शेकडा ५१ जणांनी आपणांस कोणताच धर्म नाही असे सांगितले होते.

हे अघटित कसे घडले, असा प्रश्न युरोपातील वृत्तपत्रे विचारीत आहेत. आमच्या मते अघटित हा शब्द येथे चालावयाचा नाही. फ्रान्समध्ये असे यापूर्वीही घडलेले आहे, आणि पुढे त्याचे काय झाले हेही इतिहासात नोंदलेले आहे. त्यांतील पहिल्या वेळची हकीकत सर्वांत भरीव असल्यामुळे तिच्यापाशी आम्ही अधिक वेळ थांबणार आहोत.

फ्रेंच राज्यक्रांतीने चर्चची जमीन काढून घेतली, धर्मगुरूंस सरकारी नोकर बनविले, आणि १० नोव्हेंबर १७९३ रोजी नोत्र दाममध्ये बुद्धिदेवतेचा उत्सव केला. पुढे नेपोलियनने पोपशी करार करून चर्च पुन्हा उभे केले. एवढ्यावर भागले असते. पण १८१४ नंतर बूर्बाँ राजे परतले आणि चर्चच्या धुरीणांना वाटले की आपलेही राज्य परतले. सिंहासन आणि वेदी यांची जोडी जमली. १८२५ साली तर पवित्र वस्तूंची विटंबना करणारास देहान्त शासन देणारा कायदा झाला. तो प्रत्यक्षात कोणावर बजावला गेला नाही हे खरे. परंतु कायद्याच्या पुस्तकात असे काही लिहिलेले आहे एवढेही तरुणांच्या मनात किल्मिष निर्माण करण्यास पुरेसे होते. १८३० च्या जुलैत राजा पळाला आणि लोकांचा संताप वेदीवर कोसळला. पुढच्याच फेब्रुवारीत जमावाने नोत्र दामच्या शेजारचा आर्चबिशपांचा वाडा उद्ध्वस्त केला. धर्मगुरूचा झगा घालून पॅरिसच्या रस्त्यातून हिंडणे त्या दिवसांत धोक्याचे होते.

अशा पॅरिसमध्ये १८३१ साली लिआँ शहरातून फ्रेदेरिक ओझानाम नावाचा अठरा वर्षांचा मुलगा कायदा शिकण्यास आला. त्याचे दैव असे की राहावयास घर मिळाले ते आंद्रे-मारी अँपियर यांचे. विजेचा प्रवाह ज्यांच्या नावाने मोजतात तेच हे अँपियर. ते निष्ठावंत कॅथलिक होते. विज्ञान आले की श्रद्धा गेलीच, असे म्हणणारांना या मुलाने केवळ युक्तिवादाने उत्तर दिले नाही, याचे रहस्य त्या घरात असावे. सॉर्बॉनमध्ये झुफ्र्वा नावाचे तत्त्वज्ञ आपल्या व्याख्यानात ईश्वरी साक्षात्काराच्या कल्पनेवर टीका करीत. ओझानाम व त्याचे सोबती यांनी त्यांस लेखी आक्षेप धाडला, तो वर्गात वाचला जाईपर्यंत ते स्वस्थ बसले नाहीत, आणि प्राध्यापकमहाशयांनी पुढे अधिक जपून बोलण्याचे मान्य केले. विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला नाही आणि प्राध्यापकांनी अधिकार गाजविला नाही. दोन्ही पक्षांना हे भूषणावह होते.

या मुलांचे एक इतिहासमंडळ होते. तेथे सर्व मतांचे तरुण येत आणि कडाक्याचे वाद होत. एकदा प्रतिपक्षाच्या मुलांनी विचारले : ख्रिस्ती धर्माने एके काळी मोठी कामे केली हे कबूल, पण आज तुम्ही काय करता? प्रश्न वर्मी लागला. आदल्याच वर्षी, १८३२ साली, पटकीने पॅरिसमध्ये हजारो माणसे नेली होती, आणि मूफतार गल्लीच्या परिसरात दारिद्र्य उघड्या डोळ्यांना दिसत होते. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी व बाई नावाचे एक वडीलधारे पत्रकार अशी सात माणसे जमली. त्यांनी एकेका गरीब कुटुंबाकडे जाण्याचे ठरविले. सिस्टर रोझाली नावाच्या जोगिणीने त्यांना पत्ते दिले आणि कसे वागावे हे शिकविले. सेंट व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाची ही संस्था पुढे जगभर पसरली. मुंबईच्या व वसईच्या धर्मग्रामांतून तिचे सभासद आजही घरोघर जातात. त्यांतील किती जणांस ठाऊक असेल, की तिचे मूळ कॉलेजातील एका वादविवादात आहे?

त्याच वर्षी ओझानामने दुसरी खटपट चालविली. नेहमीची प्रवचने विद्यार्थ्यांच्या कानांवरून जात होती. त्यांच्या शंकांना शंकांच्याच भाषेत उत्तर देईल असा वक्ता हवा होता. सह्या गोळा करून तो आर्चबिशप केलाँ यांच्याकडे गेला, आणि १८३४ च्या आरंभी अधिक सह्या घेऊन पुन्हा गेला. आर्चबिशप जुन्या राजघराण्याचे अभिमानी. मुले भली आहेत हे त्यांना दिसत होते, पण मुलांनी सुचविलेला माणूस त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी सात वेगवेगळे प्रवचनकार नेमले. प्रवचने झाली आणि विस्मरणात गेली. इकडे तोच नको असलेला माणूस स्तानिस्लास कॉलेजच्या लहानशा प्रार्थनामंदिरात बोलत होता, आणि तेथे पाय ठेवावयास जागा मिळत नव्हती.

लाकोर्देर हा स्वतः एके काळी श्रद्धा हरवून बसलेला वकील होता. १८२४ साली तो परतला आणि धर्मगुरू झाला. १८३० साली लामने यांच्याबरोबर त्याने ‘लाव्हनीर’, म्हणजे ‘भविष्य’, हे पत्र काढले. चर्चने सरकारी पगार सोडावा, राज्यापासून विलग व्हावे, वृत्तपत्रांचे व शिक्षणाचे स्वातंत्र्य मान्य करावे, ही त्याची मागणी होती. १८३२ साली पोपने ही मते धिक्कारली. लामने यथावकाश चर्चबाहेर गेले. लाकोर्देरने मान तुकविली. ही माघार भ्याडपणाची होती काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस ती तशी वाटत नाही. पण तिचा सल त्याच्या वाणीत राहिला आणि त्या वाणीचे बळ काही अंशी त्या सलात असावे.

अखेर केलाँ यांनी धाडस केले आणि १८३५ साली नोत्र दामचे व्यासपीठ त्याच्या स्वाधीन केले. हजारो लोक लोटले. त्यांत विद्यार्थी होते, वकील होते, लेखक होते, आणि केवळ गर्दी पाहून आलेलेही होते. लाकोर्देर लिहून आणीत नसे. श्रोत्यांना तो प्रवचनकाराच्या रीतीने बंधू म्हणत नसे, ‘सज्जनहो’ म्हणत असे. समोरचा माणूस धर्म मानतो असे गृहीत धरणे त्याने सोडून दिले होते, आणि आमच्या दृष्टीने त्याच्या यशाचे मर्म हेच. तो त्यांच्यावर रागावत नव्हता, कारण तो स्वतः तेथूनच आला होता. या श्रोत्यांपैकी पुष्कळजण वक्तृत्वाचा आनंद घेऊन जसे आले तसेच घरी गेले असतील. व्याख्यानाने माणूस पालटतो, असे व्याख्यानमालेच्या पुस्तकातसुद्धा छातीठोकपणे लिहिण्याची आमची तयारी नाही. पण दहा वर्षांपूर्वी ज्या गावात धर्मगुरूचा झगा दिसला तर शिव्या पडत, तेथे १८४१ साली हाच मनुष्य दोमिनिकन व्रतस्थाचा पांढरा वेष घालून त्याच व्यासपीठावर उभा राहिला आणि लोकांनी तो ऐकला, एवढे घडले.

पुढची कथा तितकी सुखाची नाही. १८४८ च्या फेब्रुवारीत पुन्हा क्रांती झाली, आणि या वेळी लोकांनी वेदीला हात लावला नाही. उलट धर्मगुरूंना बोलावून स्वातंत्र्यवृक्षांना आशीर्वाद देवविले. चर्च राजाच्या पंक्तीस बसलेले नव्हते याचे हे फळ होते. लाकोर्देर लोकसभेवर निवडून गेला आणि डावीकडे बसला. थोड्याच दिवसांत त्याने राजीनामाही दिला. जूनमध्ये उपाशी कामगारांनी बंड केले. ओझानाम व त्याच्या मित्रांच्या विनवणीवरून आर्चबिशप आफ्र समेटासाठी मोर्च्यांपाशी गेले. तेथे त्यांना गोळी लागली आणि दोन दिवसांनी ते वारले. या जूनने धनिक कॅथलिकांची गाळण उडविली. ओझानाम गरिबांची बाजू मांडत राहिला, पण ऐकणारे पांगले. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने प्रजासत्ताक गुंडाळले, आणि महिन्याच्या आत, १ जानेवारी १८५२ रोजी, त्याच नोत्र दाममध्ये त्याच्यासाठी उपकारस्तोत्र गायिले गेले. चर्चला पुन्हा एक रक्षणकर्ता मिळाला आणि तरुण पिढी पुन्हा हातची गेली. लाकोर्देरची नोत्र दाममधील व्याख्याने १८५१ साली संपली. ओझानाम सप्टेंबर १८५३ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारला. त्यानंतर वाढलेल्या पिढीने १८८१-८२ चे शाळांचे कायदे केले, आणि ९ डिसेंबर १९०५ रोजी राज्य व चर्च यांची फारकत करणारा कायदा केला.

लाकोर्देरने पंचाहत्तर वर्षांपूर्वी मागितलेली वस्तू त्याच्या विरोधकांनी दिली, आणि पोपने तिचा निषेध केला. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

दुसरी लाट याच कायद्याच्या आगेमागे आली. कवी क्लोदेल अठराव्या वर्षी, १८८६ च्या नाताळात, नोत्र दाममध्येच श्रद्धेकडे वळला होता. तत्त्वज्ञ मारितँ व त्यांची पत्नी राइसा यांनी १९०६ साली बाप्तिस्मा घेतला. राइसा ज्यू कुटुंबातील. येशूचे चरित्र निव्वळ मानवी दृष्टीने लिहिणाऱ्या रेनाँचा नातू प्सिकारी १९१३ साली कॅथलिक झाला. याच सुमारास दोन लेखकांनी ‘आगातों’ या टोपणनावाने तरुणांची एक पाहणी प्रसिद्ध करून पुकारा केला, की नवी पिढी धर्माकडे, राष्ट्राकडे आणि शौर्याकडे परतली. पाहणी बहुतांशी पॅरिसच्या उच्च शाळांतील निवडक मुलांची होती. खाणीतील व शेतातील मुलांना कोणी काही विचारले नाही. तिच्यात धर्म आणि तलवार यांची जी गल्लत होती ती तर अधिकच अशुभ ठरली. ऑगस्ट १९१४ मध्ये प्सिकारी मारला गेला, सप्टेंबरमध्ये कवी पेगी. त्या पिढीची श्रद्धा पुढे कशी फळली असती, हे सांगावयास ती पिढीच उरली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेझे या बर्गंडीतील खेड्यात एका प्रॉटेस्टंट माणसाने स्थापन केलेल्या व्रतस्थ मंडळीकडे सर्व पंथांचे तरुण जाऊ लागले. १९९७ साली पॅरिसच्या लाँशाँ मैदानावर पोपच्या मिस्सेस सुमारे दहा लाख लोक जमले. ही दृश्ये मोठी होती, पण त्याच काळात धर्मग्रामांतील बाके रिकामी होत गेली.

तेव्हा आजच्या आकड्यांकडे पाहताना हरखून जाण्याचे कारण नाही. २००० साली फ्रान्समध्ये सुमारे चार लाख बाप्तिस्मे होत. अलीकडे ते निम्म्यावर आले आहेत. दहा हजारांची भर त्या खड्ड्यास पुरणारी नाही. पण या तरुणांना क्षुल्लक म्हणणेही चुकीचे होईल. त्यांच्या आजोबांना चर्चचा राग होता, बापांना कंटाळा. यांना दोन्ही नाही, कारण यांनी ते पाहिलेलेच नाही. सरकारी शाळेत धर्म शिकवीत नाहीत, २००४ पासून ठळक धर्मचिन्ह घालूनही तेथे जाता येत नाही. अशा शाळेत रोजे पाळणारा मुसलमान मित्र शेजारी बसतो, तेव्हा आपले काय, हा प्रश्न मुलाला आपोआप पडतो. ओझानामच्या इतिहासमंडळातलाच हा प्रश्न, निराळ्या बाजूने आलेला.

आणि ही मुले ज्या दारातून आत येत आहेत ते दार डागाळलेले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोवे आयोगाने अंदाज वर्तविला, की १९५० पासून फ्रान्समध्ये धर्मगुरू व व्रतस्थ यांच्याकडून सुमारे २ लाख १६ हजार अल्पवयीन मुलामुलींवर लैंगिक अत्याचार झाले. हे वाचूनही अठरा वर्षांची मुले येतात, यात चर्चची पुण्याई नाही. मुलांचा धीटपणा आहे. दुसरे भयही उघड आहे. पेंटेकॉस्टला पॅरिसहून शार्त्रपर्यंत पायी जाणाऱ्या परंपरावादी यात्रेत २०२५ साली सुमारे १९ हजार माणसे होती, बहुतेक तरुण. त्यांच्यातील पुष्कळांची भक्ती निखळ आहे याविषयी आम्हांस शंका नाही; परंतु त्यांचे झेंडे आपल्या मिरवणुकीत हवे असणारे राजकीय पक्षही आज फ्रान्समध्ये आहेत, आणि असे पक्ष १८५२ सालीही होते.

२२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला ‘धन्य’ म्हणून घोषित केले, ते नोत्र दाममध्येच. १५ एप्रिल २०१९ रोजी ते मंदिर जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. १९०५ पासून ती वास्तू चर्चच्या मालकीची नाही, राज्याच्या मालकीची आहे. ओझानामचा देह मात्र तेथे नाही. तो पॅरिसच्या कार्म मठाच्या तळघरात आहे. सप्टेंबर १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी याच आवारात शंभरावर धर्मगुरूंची कत्तल केली; त्यांच्या अस्थीही त्याच तळघरात जपून ठेवल्या आहेत. वरच्या इमारतीत १८७५ सालापासून विद्यापीठ भरते. तास संपला की विद्यार्थी त्या अंगणातून बोलत, भांडत, हसत बाहेर पडतात.