भागधारकांपुढे अडचणींची मांडणी (जालना जिल्हा)

संस्था अडचणीत असताना संचालक मंडळाने ती अडचण भागधारकांना किती आणि केव्हा सांगावी, यासंबंधीचे नियम व प्रघात. जालना बियाणे आणि पोलादासाठी प्रसिद्ध आहे. महिको ही बियाणे कंपनी येथेच 1964 मध्ये सुरू झाली. मात्र यांतील बहुतेक उद्योग घराण्यांचे, त्यामुळे त्यांचे बरेवाईट घरातच राहते. गावोगाव विखुरलेले भागधारक आहेत ते सहकारी साखर कारखान्यांचे: अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ, भोकरदन तालुक्यात रामेश्वर, आणि लिलावात विकला जाण्यापूर्वी जालन्याजवळ रामनगरचा जालना सहकारी.

येथे भागधारक हाच ऊसउत्पादक. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला हवे; उशीर झाल्यास 15 टक्के व्याज लागते. कारखान्याची ओढाताण सभासदाला आधी कळते ती या थकलेल्या बिलातूनच. वार्षिक अहवाल नंतर येतो. त्यात दुष्काळ, साखरेचे पडलेले भाव आणि सरकारी धोरण यांवर सविस्तर लिहिलेले असते. दुष्काळ खरे तर सांगावा लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी नाही हे शेतकऱ्याला अध्यक्षांच्या आधी माहीत असते. त्याला हवी असते ती मालतारण कर्जाची, घटलेल्या साखर उताऱ्याची आणि लेखापरीक्षकाच्या आक्षेपांची माहिती. ते विषय सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात सहज निघून जातात.

सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाच्या नियमांनुसार शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीला आपल्या आतली महत्त्वाची घटना 12 तासांत जाहीर करावी लागते. सहकारी कारखान्याच्या सभासदाला सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेपर्यंत थांबावे लागते. हा उशीर महागात पडू शकतो. कर्ज थकले की 2002 च्या सरफेसी कायद्याने बँक तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते, आणि तेव्हा सर्वसाधारण सभेची संमती लागत नाही. रामनगरचा कारखाना राज्य सहकारी बँकेने असाच लिलावात विकला. 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) त्या व्यवहारातील 78.38 कोटींची मालमत्ता हंगामी जप्त केली. कर्जाची खरी स्थिती सभेपुढे यायची तर ती बँकेच्या जप्तीच्या नोटिशीआधीच यायला हवी.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार मात्र सभेची वाट न पाहताही कोणताही सभासद संस्थेच्या कार्यालयात शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते विनामूल्य पाहू शकतो.