पटावरचा शत्रू : युद्धसराव आणि ‘ब्रासटॅक्स’

बुद्धिबळात हत्ती सरळ रेषेत वाटेल तेवढी घरे जातो. तोच हत्ती तंजावरभोवतीच्या कावेरीकाठी, भातलावणीच्या दिवसांत चालवून पाहा : पायाखाली चिखल, वाटेत कालवे. पटावर जमीनच नसते. ही उणीव प्रशियाच्या रायस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने वडिलांचा खेळ सुधारून १८२४ मध्ये भरून काढली (तंजावरात तेव्हा दुसरे सरफोजी राजे होते). त्याने पटाऐवजी नकाशा घेतला. एक चाल म्हणजे दोन मिनिटे, गोळीबाराचे नुकसान फाशांवर ठरे, आणि दोन्ही बाजूंचे हुकूम पंचाकडे लेखी जात. शत्रू कुठे आहे, हे पंच सांगेल तेवढेच कळे.

लढाईची नवी कल्पना आधी नकाशावर तपासायची, मग मैदानात, ही रीत पुढे रुळली. भारतातले तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८६-८७ चे ‘ब्रासटॅक्स’. लष्करप्रमुख जनरल सुंदरजी तमिळ, पण त्यांची सुरुवात महार रेजिमेंटमधली. प्रश्न असा होता : रणगाडे वेगाने पुढे गेले, तर पायी चालणारे पायदळ त्यांना गाठणार कसे? उत्तर म्हणून ‘रॅपिड’ डिव्हिजनची कल्पना आली. तिच्यात पायदळाच्या दोन ब्रिगेड आणि जोडीला एक यांत्रिक ब्रिगेड. सुरुवातीचे टप्पे नकाशावर आणि वाळूच्या प्रतिकृतीवर झाले, संगणकही वापरले गेले. हिवाळ्यात सैन्य राजस्थानात उतरले.

इथे गंमत संपते. प्रयोगशाळेत तुम्ही तुळईवर भार टाकता, तेव्हा शेजारची तुळई घाबरत नाही. सीमेपलीकडचा देश घाबरतो. हा सराव की चढाईची तयारी, हे पाकिस्तानला ठरवता येईना. त्याने आपली राखीव दले हलवली. जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही सैन्ये सज्ज होऊन समोरासमोर आली. ४ फेब्रुवारीला टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचा करार झाला, आणि त्याच महिन्यात झिया-उल-हक क्रिकेट पाहायला जयपूरला आले.

पश्चिम कमांडचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हून यांनी पुढे लिहिले की हा नुसता सराव नव्हताच. अभ्यासकांत यावर एकमत नाही. मला मात्र हेतूपेक्षा रचनेचा प्रश्न मोठा वाटतो. सरावातला शत्रू आपणच नेमलेला असतो. खऱ्या शत्रूने हा सराव कसा वाचला, हे पंचाच्या कागदांवर नव्हते. ‘रॅपिड’ डिव्हिजन मात्र सैन्यात टिकल्या.