शिरपूरची वाहतूक कोंडी : रस्ता अपुरा की नियोजन?

मुंबई-पुण्याच्या वाहतूक कोंडीची चर्चा राज्यभर होते. लहान शहरांतील कोंडी मात्र 'गाव वाढले की असे व्हायचेच' असे म्हणून सोडून दिली जाते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे असेच एक शहर. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, अरुणावती नदीच्या काठी वसलेल्या शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ७६,९०५ होती. एवढ्या लोकसंख्येच्या शहरात चौकातून बाहेर पडायला वाहनधारकाला ताटकळत राहावे लागत असेल, तर त्याचे कारण केवळ वाहनांच्या संख्येत शोधून चालणार नाही. रस्ते अरुंद आहेत, हे खरे. तथापि, आहे तो रस्ता वाहतुकीसाठी प्रत्यक्षात किती उरतो, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

तीन वाहतुकी, एकच रस्ता

शिरपूरच्या रस्त्यांवर तीन प्रकारची वाहतूक एकत्र येते. पहिली महामार्गाची. मुंबई-आग्रा महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, नव्या क्रमांकानुसार धुळे-इंदूर हा भाग क्रमांक ५२) शिरपूरजवळून जातो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गही चोपड्याहून शिरपूरमार्गे शहाद्याकडे जातो. त्यामुळे शहराशी काहीही काम नसलेली वाहने शहराच्या तोंडाशी येतात.

दुसरी वाहतूक तालुक्याची. शिरपूर ही कापूस, मका व केळी पिकविणाऱ्या टापूची बाजारपेठ आहे. दसरा-दिवाळीनंतर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आदिवासी पाड्यांवरून माणसे आणणाऱ्या काळी-पिवळी जीप, एसटीच्या गाड्या आणि तालुक्याच्या कामासाठी येणाऱ्या दुचाकी यांचा ओघ एकाच वेळी शहरात शिरतो. त्यातच शिरपूर हे शिक्षणाचे केंद्र झाल्याने शाळा-महाविद्यालये भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी बस आणि दुचाकींची भर पडते.

तिसरी वाहतूक शहराची स्वतःची. मेन रोड, पाच कंदील या जुन्या बाजारभागातील रस्ते बैलगाडी व पायी चालणाऱ्यांच्या काळातले. करवंद नाक्यासारखे भाग नंतर वाढले. मात्र जुन्या बाजाराकडे जाणारी वाट तीच राहिली. खंडेराव महाराजांची यात्रा आणि दसऱ्यानंतरचा बालाजी रथोत्सव या काळात तर हा ताण कळसाला पोहोचतो.

एक ट्रॅक्टर म्हणजे चार मोटारी

रस्त्याची क्षमता मोजण्याचे एक मान्य गणित आहे. शहरी रस्त्यांच्या क्षमतेबाबत इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार प्रत्येक वाहन रस्ता किती अडविते, हे मोटारीच्या एककात मांडले जाते. मोटार म्हणजे १ एकक. दुचाकी अर्धे ते पाऊण एकक. रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, लोटगाडी २ ते ३, तर ट्रॅक्टर-ट्रॉली तब्बल ४ ते ५ एकके. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर कमी आकडा आणि १० टक्के वा अधिक असेल तर मोठा आकडा धरतात.

याच तत्त्वांमध्ये दोन पदरी, दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्याची क्षमता दिली आहे. रस्त्यालगतच्या दुकाना-घरांतून थेट ये-जा नसेल, वाहने उभी राहत नसतील आणि आडवी वाहतूक फार कमी असेल, तर तासाला १,५०० एकके. दुकाने आहेत, पण वाहने उभी राहत नाहीत, अशा रस्त्यावर १,२००. दुकाने आहेत, समोर वाहने उभी आहेत आणि आडवी वाहतूकही मोठी आहे, अशा रस्त्यावर केवळ ९००.

रस्त्याची रुंदी तिन्ही ठिकाणी तीच, सुमारे ७ मीटर. तरीही पहिल्या आणि तिसऱ्या स्थितीत क्षमतेचा ४० टक्के फरक पडतो. बाजारातील दुकाने हटविता येणार नाहीत, हे उघड आहे. मात्र कडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांना शिस्त लावून ९०० चा रस्ता १,२०० च्या जवळ नेता येतो. रुंदीकरणाचा एकही दगड न लावता मिळणारी ही एक तृतीयांश वाढ आहे.

ट्रॅक्टरचे गणितही असेच बोलके आहे. उदाहरणादाखल, ९०० एककांच्या रस्त्यावरून तासाला ५० ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेल्या, तरी किमान २०० एकके, म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक क्षमता तेवढ्यानेच संपते. शेतमाल रोखून धरणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण त्या मालावरच शिरपूरचा बाजार चालतो. तो माल शाळा सुटण्याच्या वेळी बाजारपेठेतून न जाता बाहेरच्या रस्त्याने बाजार समिती व जिनिंगकडे कसा जाईल, हे ठरविण्याची गरज आहे.

अधिकार कोणाकडे?

कोंडीचा विषय निघाला की नगरपरिषद पोलिसांकडे, पोलिस नगरपरिषदेकडे आणि दोघेही महामार्ग विभागाकडे बोट दाखवितात, असा अनुभव अनेक शहरांत येतो. कायद्याने मात्र कामाची विभागणी केलेली आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासन वा शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालू शकतो. जड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी याच तरतुदीतून होते. कलम ११६ वाहतूक चिन्हांविषयी, तर कलम ११७ वाहनतळ व थांब्यांविषयी आहे. थांबे ठरविताना स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करावा, असे कायदा सांगतो. कलम १२२ नुसार इतरांना अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करण्यास मनाई आहे. महाराष्ट्र पोलिस कायदा, १९५१ च्या कलम ३३ अन्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांना वाहतूक नियमनाचे नियम करता येतात.

रस्त्यावरील अतिक्रमण काढणे, पदपथ बांधणे, विकास आराखड्यातील वाहनतळाची आरक्षणे ताब्यात घेणे ही कामे नगरपरिषदेची. बांधकाम परवानगी देताना वाहनतळाची जागा सोडली जाते की नाही, हे पाहणेही तिचेच काम. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. नकाशात दाखविलेल्या तळघरातील वाहनतळात पुढे गोदाम किंवा दुकान थाटले गेले, तर तेथील वाहने रस्त्यावर येणारच. त्यामुळे परवानगीच्या वेळचा नकाशा आणि प्रत्यक्ष वापर यांची पडताळणी ही वाहतूक सुधारणेची पहिली पायरी ठरते.

फेरीवाले : अडथळा की हक्कदार?

कोंडीवरील कारवाई सहसा लोटगाड्यांपासून सुरू होते. दोन दिवस रस्ता मोकळा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी गाड्या परत येतात. हातावर पोट असलेला विक्रेता गिऱ्हाईक जेथे आहे तेथेच येणार. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते व तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण बंधनकारक आहे. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटविता येत नाही आणि त्यानंतरही हटविण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. २०११ च्या लोकसंख्येवर शिरपूरसाठी ही मर्यादा सुमारे १,९२० होते. तेवढ्या लोकांच्या चुलीचा हा प्रश्न आहे. विक्री क्षेत्र बाजारापासून लांब दिले तर ते ओस पडते, हा सर्वत्रचा अनुभव. म्हणून चौकाच्या तोंडावरील जागा सोडून, मुख्य रस्त्याला लागून असलेल्या आडव्या गल्ल्यांत आखलेली जागा देणे अधिक व्यवहार्य ठरते. गिऱ्हाईकही तुटत नाही आणि चौकही मोकळा राहतो.

काय करता येईल?

पहिले काम मोजणीचे. प्रमुख नाक्यांवर आठवडाभर, बाजाराच्या दिवसासह, कोणती वाहने किती व कोठून कोठे जातात याची नोंद घेतली पाहिजे. शहरात आर. सी. पटेल यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आहे. विद्यार्थ्यांच्या मदतीने हे काम अल्प खर्चात होऊ शकते.

दुसरे, एकेरी मार्ग. वरील मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुकाने आणि उभी वाहने असलेल्या दोन पदरी रस्त्याची क्षमता दुतर्फा वाहतुकीत ९००, तर एकेरी वाहतुकीत १,४०० एकके धरतात. दोन समांतर रस्ते दुतर्फा ठेवले तर मिळून १,८०० आणि एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी ठेवला तर २,८००. अर्थात वळसा वाढतो आणि काही दुकानदारांची नाराजीही ओढवते. म्हणून महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर अंमल करून पुन्हा मोजणी करणे श्रेयस्कर.

तिसरे, वाहनतळ. एका मोटारीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. दुचाकीला दोन. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी मावतात. जुन्या बाजारात दुचाकींसाठी पट्टे आखून द्यावेत, मोटारींना बाजाराच्या कडेला तळ द्यावा आणि गर्दीच्या तासांत थांबण्याचे शुल्क घ्यावे. सम-विषम तारखांना एकेका बाजूस वाहने उभी करण्याची पद्धत पुण्यात रूढ आहे. अरुंद रस्त्यांवर ती येथेही चालू शकते.

चौथे, चौफुलीचे तोंड. चौकापासून ठरावीक अंतरापर्यंत रिक्षा, जीप, लोटगाडी किंवा वाहन उभे राहू नये, एवढ्या एका नियमाच्या काटेकोर अंमलाने मोठा फरक पडतो. वळणाऱ्या वाहनाला जागा मिळाली की मागची रांग सुटते. रिक्षा व जीपचे थांबे मात्र आधी ठरवून, आखून द्यावे लागतील. केवळ हुसकावून लावल्याने थांबा पन्नास पावले पुढे सरकतो, एवढेच.

पाचवे, पायी चालणारा. सलग पदपथ नसेल तर तो रस्त्यावर उतरतो आणि रस्त्याचा एक पदर त्यात जातो. घरापासून बाजार एक-दोन किलोमीटरवर असलेल्या शहरात लोक चालत किंवा सायकलवर येऊ शकले, तर तेवढी वाहने आपोआप कमी होतात. लहान शहराचा हा मोठा लाभ आहे.

बाह्यवळण पुरेसे आहे का?

कोंडी सोडविण्यासाठी बाह्यवळण किंवा उड्डाणपूल, अशी मागणी नेहमी पुढे येते. खानदेशचा इतिहास याबाबत सावध करणारा आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणे केले व नव्या पेठेची सरळ रस्त्यांनी आखणी केली. मुंबईहून आग्र्याला जाणारी वाट म्हणून ओळखला जाणारा तेथील आग्रा रोड आज गजबजलेली बाजारपेठ आहे. जळगावातही महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली आणि समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. महामार्ग शहराबाहेर नेला तरी काही वर्षांत शहर महामार्गापर्यंत पोहोचते, असा हा क्रम आहे.

शिरपूरपुरते सांगायचे तर मध्य प्रदेश सीमा ते धुळे हा ८९ किलोमीटरचा महामार्ग चौपदरी झाल्यानंतर वाहनांचा वेग वाढला, तर शहराची वस्ती फाट्याकडे सरकत राहिली. वेगवान महामार्ग आणि स्थानिक दुचाकी जेथे एकमेकांना छेदतात, तेथे कोंडीपेक्षा जीविताचा धोका मोठा असतो. ४ जुलै २०२३ रोजी तालुक्यातील पळासनेर येथे भरधाव कंटेनर वाहनांना धडक देत महामार्गालगतच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा जणांचा बळी गेला. जखमींना शिरपूर व धुळ्याच्या रुग्णालयांत हलवावे लागले. सेवा रस्ते, भुयारी मार्ग, फाट्यावरील दिवे आणि महामार्गाला थेट जोडल्या जाणाऱ्या नव्या वाटांवर नियंत्रण या गोष्टी म्हणूनच शहराच्या वाहतूक आराखड्याचाच भाग मानायला हव्यात.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या मनमाड-इंदूर या सुमारे ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा लाभ शिरपूरलाही अपेक्षित आहे. रेल्वे आली की स्थानकाकडे जाणारा रस्ता, रिक्षातळ व बसथांबा लागणार. त्यासाठीच्या जागा आताच राखून ठेवल्या नाहीत, तर नव्या स्थानकाबरोबर नवी कोंडी येईल.

आधी अभ्यास, मग काम

शिरपूर तालुक्याचे नाव राज्यात जलसंधारणाच्या 'शिरपूर पॅटर्न'मुळे झाले. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आधी येथील खडकाची व गाळाच्या थरांची रचना अभ्यासली. त्यानंतर नाले रुंद-खोल करून बंधारे घालण्यात आले. पाणी कोठे मुरते, हे कळल्यावर खर्च योग्य जागी झाला. वाहतुकीलाही हीच रीत लागू पडते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड व कारावासाची तरतूद आहे. वाट द्यायची तर बाजूला सरकण्यापुरती जागा रस्त्यावर असावी लागते. दोन्ही कडांना वाहने आणि मध्ये ट्रॅक्टर अडकलेला असेल, तर कायदा पाळण्याची इच्छा असलेला चालकही हतबल ठरतो. शिरपूरच्या रस्त्यांवर ती जागा आहे. पट्टे, फलक, ठरलेले थांबे आणि रोजचा अंमल यांतून ती मोकळी करता येईल. त्यासाठी नगरपरिषद, पोलिस, एसटी, बाजार समिती, व्यापारी व पथविक्रेते यांना एका टेबलावर आणण्याचे काम नगरपरिषदेला करावे लागेल.