रहस्यकथेचा वाचक का रुसतो?

नवे पुस्तक हाती घ्यावे, पहिली दहा पाने होतात न होतात तोच खुनी कोण ते ध्यानात यावे, आणि पुस्तक तसेच उशाशी सारून द्यावे, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. मौज अशी की त्याच लेखकाचे, त्याच नायकाचे पुस्तक दोन-चार वर्षांपूर्वी तुम्ही कंदिलाच्या उजेडात एका बैठकीत संपवलेले असते. मग मध्यंतरी बिघडले काय? लेखकाचा हात उतरला, की वाचकच पुढे निघून गेला? या प्रश्नाचा थोडा इतिहास आज पाहू.

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे आपले अहमदनगर, हा वाचनाची जुनी सवय असलेला जिल्हा. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे; 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली नगरहूनच निघाले. पण वाचनालय शहरात, आणि तिथली कपाटे कुलपात. खेड्यातल्या माणसाला पुस्तक भेटले ते बहुधा प्रवासात. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती नगर-पुणे रस्त्यावर. पुढे गावोगाव स्थानके झाली, स्थानकावर चहाची टपरी आली, आणि टपरीशेजारी पुस्तकांची मांडणी. त्या मांडणीवर गाथा-पोथ्यांच्या बाजूला पातळ कागदाची, भडक चित्रांची पुस्तके दोरीला टांगलेली असत. वेष्टनावर पिस्तूल, बुरखेधारी माणूस, घाबरलेली बाई. लेखकाचे नाव वाचायची गरज पडत नसे. गिऱ्हाईक विचारी, "नवा झुंजार आला का?"

हा झुंजार बाबूराव अर्नाळकरांचा. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते वारले. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि विजया, काळा पहाड ही सारी त्यांचीच मंडळी. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात १९३६ ते १९८४ या काळातल्या त्यांच्या १,०९२ रहस्यकथांची नोंद झाली होती. आता शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. अठ्ठेचाळीस वर्षे, एक हजार ब्याण्णव पुस्तके. म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस, महिन्याला जवळजवळ दोन. शेतकरी सुद्धा वर्षातून दोन-तीन पिकांवर थांबतो आणि मध्ये जमिनीला विसावा देतो. इथे विसावा नाही. अशा वेगात प्रत्येक वेळी नवा खून, नवा चोर आणि नवी युक्ती कुठून आणायची? साच्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि साचा आला की तो ओळखणारा आज ना उद्या निपजणारच.

असे हप्तेबंद लिखाण अर्नाळकरांच्या आधीही होते. विलायतेत रेनॉल्ड्स नावाच्या लेखकाने १८४४ पासून 'लंडनची रहस्ये' दर आठवड्याला एका पेनीच्या हप्त्याने विकायला काढली. त्याच्याच कादंबऱ्यांवरून गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्या मराठीत रचल्या, आणि भुयारे, चोरवाटा, तळघरे यांनी आपले आजोबा-पणजोबा रात्र रात्र जागवले. तेव्हा नगरच्या बाजारात मिळणारी ही भीती निम्मी परदेशातून आलेली होती. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. बटाटा आणि मिरचीही बाहेरूनच आली.

वाचकाच्या रुसण्याची सगळ्यांत गाजलेली हकीकत मात्र शेरलॉक होम्सची. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८८७ साली हा गुप्तहेर निर्माण केला. १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात त्याच्या कथा येऊ लागल्या आणि लेखक पुरता अडकला. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. लोकांना होम्सशिवाय दुसरे काही नको होते. आईने नको नको म्हटले तरी डिसेंबर १८९३ मध्ये त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्याच्या कड्यावरून खाली लोटले. वाचक खवळले. वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक सोडले, असे सांगितले जाते. शेवटी १९०३ साली होम्सला जिवंत करावे लागले. तो मेलाच नव्हता, अशी पळवाट काढली गेली.

आणि मग लोक खूश झाले का? डॉइल यांनी स्वतःच एक आठवण सांगितली आहे. कॉर्नवॉल प्रांतातल्या एका नावाड्याने त्यांना ऐकवले की साहेब, तो कड्यावरून पडला तेव्हा मेला नसेलही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा माणूस राहिला नाही. पाहा, बोलणारा कोणी पंडित नव्हे, वल्हे मारणारा माणूस. पण मोठमोठ्या टीकाकारांना एवढ्या थोडक्या शब्दांत सांगता आले नसते. हा खेड्यातला वाचक आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे पारावर बसणाऱ्यांतही असे परीक्षक असतात.

असा वाचक लेखकापेक्षा जास्त लक्ष ठेवतो, हेही खरे. होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी झालेला. पहिल्या कादंबरीत गोळी त्याच्या खांद्याला लागली आहे. दुसरीत जखम पायाला आहे. लेखक विसरला, वाचक विसरले नाहीत. कितीतरी वर्षे त्यावर वाद घातले गेले.

आता तुम्ही एक शंका काढाल, आणि ती रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिची पारायणे माणसे वर्षानुवर्षे करतात. रामायणात पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तरी कीर्तनाला गर्दी होतेच. मग तेच तेच ऐकून तिथे कंटाळा येत नाही आणि इथे का यावा? कारण दोन्हीकडचा करार वेगळा आहे. कीर्तनकार काही लपवीत नाही. ठाऊक असलेली गोष्ट तो पुन्हा रंगवतो, आणि आपण रंगायला जातो. रहस्यकथा लिहिणारा म्हणतो, मी लपवतो, तू शोध. हा डाव आहे. डावात रोज एकच चाल खेळणारा गडी पोरेसुद्धा हरवतात. एका लेखकाची पन्नास पुस्तके वाचलेल्या माणसाला त्याचा हात ठाऊक होतो. सभ्य दिसणारा मुनीम पहिल्या प्रकरणात फार गोड बोलला की तोच चोर! बैलाला जशी गोठ्याची वाट सांगावी लागत नाही, तसे वाचकाचे होते.

म्हणजे ज्या मालिकेने त्याला शहाणे केले, तिच्यावरच तो आता रुसतो. माझ्या मते हा त्या मालिकेचा मोठा गुण आहे, आणि आपण तो तिच्या खात्यावर कधी मांडत नाही.

शिक्षक मंडळींना इथे थोडे टोचणार आहे. ही पुस्तके एके काळी घरोघर क्रमिक पुस्तकाच्या आत लपवून वाचली गेली, आणि ती हिसकावून घेणारे पुष्कळसे तुमचेच पूर्वसूरी. मुले बिघडतील ही त्यांची भीती खोटी म्हणवत नाही. त्या कथांत माणसे फार झटपट मरतात, आणि गरीब, काळी किंवा परक्या मुलखातली व्यक्ती फार सहज संशयित ठरते. पण चारशे ओळींच्या पुढे न जाणारा मुलगा या पुस्तकांपायी शंभर-सव्वाशे पाने सलग वाचायला शिकला, हेही तितकेच खरे. तोच मुलगा एक दिवस येऊन म्हणतो, "गुरुजी, आता ही सगळी सारखीच वाटतात." अशा वेळी "मी सांगत नव्हतो का?" असे म्हणू नका. त्याला विचारा, कितव्या पानावर कळले? कशावरून कळले? तू असतास तर चोर कुठे लपवला असतास? त्याचे उत्तर म्हणजे त्याने केलेली पहिली समीक्षा, आणि ती त्याने कुणाच्या सांगण्यावरून केलेली नसते.

अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले, आणि वेगळा गुप्तहेर, वेगळी भाषा पाहून वाचक पुन्हा तजेला घेऊन बसला. शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास असे नायक उभे केले. पण ते त्यांतच गुंतून राहिले नाहीत. १९८२ ची 'दुनियादारी' ही कादंबरी कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मुलामुलींची आहे. त्यात गुप्तहेर नाही. त्यांचे निधन २००३ साली झाले आणि दहा वर्षांनी त्या कादंबरीवर चित्रपट निघाला.

विलायतेच्या अगाथा ख्रिस्तीबाईंनी तिसराच मार्ग काढला. पॉयरो या आपल्या गुप्तहेराला त्या मनातून विटल्या होत्या, पण वाचक सोडीनात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांनी त्याच्या मरणाची कादंबरी लिहिली आणि बंद करून ठेवली. पुढची तीसेक वर्षे पॉयरो चोर पकडीत राहिला, आणि ते बाड १९७५ साली, बाईंच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, छापून बाहेर आले. शेवट आधी लिहून मग मधली वर्षे काढणारा लेखक विरळाच.

अर्नाळकरांच्या झुंजाराला असा शेवट मिळाला नाही. तो म्हातारा झाला नाही, थकला नाही. वाचणारे मात्र नोकरीला लागले, पेन्शनीत गेले. त्यांच्या निवडक कथा अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या तेव्हा जुनी माणसे हौसेने त्या घेऊन बसली, आणि काहींना चाळीस पानांनंतर चष्मा काढून ठेवावासा वाटला. तुमच्या गावच्या वाचनालयात एखादी जुनी, शिवण उसवलेली प्रत असेल तर तिचे शेवटचे पान उघडून पाहा. अशा पानांवर पेन्सिलीचे शेरे असतात. कुणी खुन्याचे नाव फोडलेले असते, कुणी "मागच्यासारखीच" असे लिहून खाली रेघ ओढलेली असते, आणि त्या रेघेखाली दुसऱ्याच अक्षरात विचारलेले असते, पुढचा भाग कुणाकडे आहे?