कोंडाण्याचा कडा

मुंबईहून पुण्यास जातांना कर्जत स्टेशनांत गाडी थांबली, म्हणजे पूर्वेस उभी असलेली सह्याद्रीची भिंत दृष्टीस पडते. याच भिंतीच्या पायथ्याशीं, राजमाची किल्ल्याखालीं, उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यांत कोंडाणें गांव आहे; व गांवावरच्या रानांत इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचीं सोळा बौद्ध लेणीं आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, इतकेंच ती सांगते. राजाचें नांव नाहीं, दानाची रक्कम नाहीं.

या बलकानें दगड कसा पारखला असेल? सह्याद्रीचा खडक सगळीकडे सारखा नाहीं. लाव्हा रसाचे थर एकावर एक निवत गेले. कांहीं थर भेगाळ, कांहीं बुडबुड्यांच्या पोकळ्यांनीं भरलेले, कांहीं घट्ट, आणि अधूनमधून तांबड्या मातीची पट्टी. भेगाळ दगड छत धरीत नाहीं; मातीची पट्टी पाण्यानें झिजते. सुमारें 66 फूट लांबीचें चैत्यगृह ज्यांनीं डोंगरांतून पोखरून काढलें, त्यांस थरांची जाण होती, याला तेथील कमानीहून निराळा पुरावा कशाला हवा?

ग्रंथांत ही विद्या पुष्कळ उशिरां आली. दख्खनच्या खडकाचें वर्णन कर्नल साइक्स यांनीं 1830 ते 1840 या दशकांत विलायतेंत प्रसिद्ध केलें. अशा खडकास युरोपांत 'ट्रॅप' म्हणत. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. राजमाचीचा उतार खालून पाहणारास हें नांव सहज पटेल. 1863 मध्यें बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली, आणि 1867 मध्यें भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे ब्लॅनफर्ड यांचा या खडकांवरील विस्तृत प्रबंध निघाला.

परंतु खरा वाद कड्याविषयींचा. थर जवळजवळ आडवे. मग ते कोंकणाच्या तोंडाशीं एकाएकीं तुटले कां? कित्येकांस ही भिंत समुद्राच्या लाटांनीं कोरलेली वाटली. दुसऱ्यांनीं भली मोठी भेग पडून कोंकण खचलें असें मानलें. इकडे पनवेलच्या बाजूस तेच थर समुद्राकडे कललेले आढळतात. 1949 मध्यें ऑडेन यांनीं या वांकाकडे व पश्चिम हिंदुस्थानांतील उभ्या दगडी शिरांकडे लक्ष वेधलें. आज सामान्यतः असें समजतात कीं, सेशेल्सचा भूभाग हिंदुस्थानापासून दुरावला तेव्हां किनाऱ्याची बाजू खचली व वांकली. पुढें पाऊस व ओढे यांनीं कडा कणाकणानें पूर्वेस मागें रेटला. म्हणजे समुद्राहून पावसाचें काम मोठें!

1986 च्या सुमारास सुब्बराव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रासायनिक पृथक्करण करून या थरांचे गट पाडले. त्यांस नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा अशीं नांवें मिळालीं, आणि कर्जतच्या आसपासचीं हीं गांवें जगांतील भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडीं बसलीं. 2015 मध्यें प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं घाटांतील झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक तपासून मुख्य उद्रेकांचा काळ ठरविला. सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं, डायनोसॉर लोपले त्या वेळच्या आगेंमागें, अवघ्या साडेसात लक्ष वर्षांत यांतील बहुतेक खडक सांचला असें त्यांचें म्हणणें आहे. साडेसात लक्ष वर्षांस 'अवघीं' म्हणणें श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. पण या शास्त्राचें माप तेंच.

कड्यास मागें रेटणारें पाणी कोंडाण्यास अजून कामावर आहे. पावसाळ्यांत लेण्यांच्या तोंडावरूनच धबधबा कोसळतो. चैत्यगृहांतील खांबांचे खालचे भाग बहुतेक झडून गेले आहेत, व कित्येकांचे वरचे तुकडे तेवढे छतास लोंबत राहिले आहेत. छत मात्र उभें आहे. बांधीव घर असतें, तर खांबांबरोबर तेंही केव्हांच खालीं आलें असतें. पण हें छत खांबांवर तोललेलें नाहीं, तो डोंगराचाच थर आहे.