टाउन हॉलातला समुद्रदेव

कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात घरचं माणूस दाखल झालं की समोरच्या टाउन हॉलच्या बागेत डबा सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. थोरली आत्या फडक्यात भाकरी, खर्डा आणि कांदा बांधून आणायची. येता येता गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध तांब्यात घ्यायची, ते मात्र फक्त आजारी माणसासाठी. आमची जेवणं उरकली की म्हणायची, "जावा पोरांनो, आतले देव बगून या." टाउन हॉलात संग्रहालय आहे, आणि तिच्या लेखी त्यातलं सगळंच देव.

ही काळ्या दगडाची, उंच टोकदार मनोऱ्यांची इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. आज्जा सांगायचा की त्याच्या आज्ज्यानं तिच्यासाठी गाडीनं दगड वाहिले. गाडी स्वतःची होती की भाड्याची, यावर आज्जा आणि धाकट्या आज्ज्याचं कधी एकमत झालं नाही. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. नवा राजवाडाही त्यांचाच.

मँटांचं नाव निघालं की आज्ज्याला छत्रपती राजाराम महाराज आठवायचे. विलायतेहून परतताना, १८७० साली, इटलीत फ्लॉरेन्सला ते वारले. वय विशीचं. परमुलखात, पण दहन झालं आपल्या रीतीनं, दोन नद्यांच्या संगमावर. आज्जा हे सांगताना दर वेळी पागोटं काढून मांडीवर ठेवायचा. त्या जागी पुढं छत्री उभारली, तिचा आराखडाही मँटांनीच केला. एकाच माणसानं राजाची तिकडची छत्री आणि त्याच्या रयतेचा इथला हॉल बांधावा, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल आतल्या कपाटात आहे. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी खणताना सातवाहनकाळातली वस्ती सापडली. विटांची घरं, शिशाची नाणी, आणि तांब्या-काशाच्या वस्तूंचा मोठा साठा. आधी प्रा. कुंदनगारांनी लक्ष घातलं, मग १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. त्यातूनच हे संग्रहालय जन्माला आलं आणि थोड्याच वर्षांत टाउन हॉलात येऊन स्थिरावलं. त्या साठ्यात काशाचा हत्ती आहे, पाठीवर माणसं बसलेली. रोमन आरसा आहे. आणि वीतभरही उंची नसलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. दाढीवाला, एक हात उंचावलेला, हातातला त्रिशूळ मात्र गेलेला. आत्या त्याच्यापुढंही हात जोडायची.

म्हणजे आपला राजा इटलीच्या मातीत विसावायच्या सतराशे-अठराशे वर्षं आधी तिकडचा देव आपल्या नदीकाठी येऊन राहिला होता. कोकणातल्या बंदरात उतरून, घाट चढून, कुणा व्यापाऱ्याच्या सामानातून आला असावा. ज्यानं तो विकत घेतला तो ब्रह्मपुरीचा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्यानं आपल्या बायकोला काय सांगितलं असेल? घरात कुठल्या फळीवर ठेवला असेल?

आज्जा या कपाटापाशी फार रेंगाळायचा नाही. त्याची ओढ चित्रांकडं. पोरवयात तो म्हशी घेऊन पाण्यावर जायचा, तेव्हा काठावर आबालाल रहिमान चित्र काढत बसलेले त्यानं पाहिले होते. ते कोटीतीर्थावर की पंचगंगेवर, हे तो दर वेळी वेगळं सांगे. मान वर न करता काम करणारा माणूस, एवढं मात्र कधी बदललं नाही. आबालालांच्या चित्रापुढं उभा राहून तो चष्मा पुसायचा, नाक काचेला टेकेपर्यंत वाकायचा आणि विचारायचा, "ह्यात आमची चांदी म्हस कुटं दिसती का बग रं."